देव आत्मा की देहधारी? मॉर्मनांना हसण्याआधी थोडं इजिप्तकडे बघा

आडवाट (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचा विषय निघाला की आपले ख्रिस्ती मित्र एका वाक्यात निकाल लावून मोकळे होतात: "ते देवाला हाडामांसाचा मानतात, म्हणजे ख्रिस्ती नव्हेतच." मानतात हे खरं आहे. २ एप्रिल १८४३ ला इलिनॉयमधल्या रेमस गावी पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथने सांगितलं, की पित्याला, म्हणजे देवाला, माणसासारखंच, हाताला लागेल असं हाडामांसाचं शरीर आहे आणि पुत्राला, म्हणजे येशूलाही आहे. त्यांच्या धर्मग्रंथात ते तसं छापलेलं आहे.

पण ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतच उगवली असं समजू नका. इ.स. ३९९ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या बिशप थिओफिलसने ईस्टरची तारीख कळवणारं नेहमीचं पत्र काढलं आणि त्यात खडसावून लिहिलं, की देवाला मानवी रूप आहे असं मानणं हे पाखंड आहे. वाळवंटातल्या संन्याशांमध्ये एकच गदारोळ उडाला. त्या काळचा संन्यासी लेखक जॉन कॅसियन सांगतो, की स्केटिस या संन्याशांच्या वाळवंटातल्या चारपैकी तीन मंडळ्यांच्या (चर्चच्या) धर्मगुरूंनी ते पत्र वाचूच दिलं नाही.

तिथे सेरापियन नावाचा एक म्हातारा होता, सगळं आयुष्य तपश्चर्येत गेलेला. कॅपाडोशियाहून आलेल्या फोटिनस नावाच्या विद्वानाने त्याची समजूत घातली, की 'देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं' याचा अर्थ नाकडोळे असा घ्यायचा नाही. म्हाताऱ्याला पटलं. सगळे खूश. आभाराची प्रार्थना करायला उठले, तर ह्याला प्रार्थनाच करता येईना. ज्या रूपाशी जन्मभर बोलत आला तेच पुसलं गेलेलं. जमिनीवर अंग टाकून ढसाढसा रडायला लागला: माझा देव नेला, आता मी धरू कोणाला?

आणि हे लोक वाचत काय होते? बायबलमधल्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात देव दिवस कलताना बागेत फिरतो. निर्गम २४ मध्ये इस्राएलाचे वडील लोक त्याला पाहतात, त्याच्या पायांखाली नीलमण्याची फरसबंदी असते. निर्गम ३३ मध्ये मोशेला त्याची पाठ दिसते, मुख दिसत नाही. साध्या माणसांनी समोर होतं ते वाचलं आणि शिकलेल्यांनी त्याला तत्त्वज्ञानाची इस्त्री केली. मग पाखंडी कोण?

---

सावेडीकर

असहमत. सेरापियनचं रडणं चटका लावतं, पण रडण्याने सिद्धांत ठरत नाही.

योहान ४:२४ मध्ये येशू स्वतः सांगतो की देव आत्मा आहे. आणि लूक २४:३९ मध्ये तोच म्हणतो, मला हाडमांस आहे तसं आत्म्याला नसतं. दोन्ही वचनं शेजारी ठेवा.

योहानातला प्रसंगही सोडू नका. शोमरोनी बाई विचारतेय, उपासना कुठे करायची, आमच्या डोंगरावर की यरुशलेमेत? तो म्हणतो, इथेही नाही आणि तिथेही नाही. देवाला शरीर असतं तर तो कुठल्यातरी एका ठिकाणी असता, आणि मग बाईचा प्रश्न अगदी रास्त होता.

तुमच्या 'इस्त्री'बद्दल. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात मोशे बजावतो, की होरेब डोंगरापाशी तुम्ही वाणी ऐकलीत पण आकृती पाहिली नाहीत, म्हणून कसलीही मूर्ती करू नका. मोशे कुठल्या ग्रीक पाठशाळेत गेला होता? पाठ आणि पाय शब्दशः घ्यायचे असतील तर स्तोत्र ९१ मधले पंख आणि पिसंही घ्या. पाय खरे आणि पंख तेवढे अलंकार, हे ठरवणार कोण?

---

वासॅच

इथे अमेरिकेत, युटात राहतो, शेजारी आणि सहकारी बरेचसे ह्याच पंथाचे. मी त्या पंथाचा नाही. (२०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी 'मॉर्मन' म्हणू नका असं सांगितलं, तेव्हापासून ऑफिसात मी जपून बोलतो. इथे सोयीसाठी चालवून घ्या.)

सावेडीकरांच्या वचनाने इथे कोणी गडबडत नाही. स्मिथच्या शिकवणीत आत्मा हेही द्रव्यच आहे, फक्त जास्त सूक्ष्म आणि शुद्ध. माणूसही आत्मा आहे आणि त्याला देह आहे, तसंच पित्याचं, असं त्यांचं उत्तर तयार असतं.

पण आडवाट, तुमचं सेरापियनचं उदाहरण त्यांना लागू पडत नाही. त्यांचा दावा 'आम्ही बायबल सरळ वाचतो' एवढाच नाही. १८२० मध्ये जोसेफने पिता आणि पुत्र हे दोघे समोर उभे पाहिले, यावर त्यांचा सगळा डोलारा आहे. शिवाय ही शिकवण पहिल्या दिवसापासून अशीच होती असंही नाही. १८३५ च्या त्यांच्याच ग्रंथात जी व्याख्यानं छापली होती, त्यांत पिता आत्मरूप आणि पुत्र देहधारी असं होतं. ती व्याख्यानं १९२१ च्या आवृत्तीतून काढली. म्हणजे पित्याला देह आहे हे त्यांच्याकडेही मागाहून पक्कं झालं.

---

पापडीकर

दोन्ही बाजू पित्यावरच भांडतायत. पुत्राचं काय?

सावेडीकर, लूक २४ तुम्ही अर्धवट वापरलंत. हाडमांस नाही ते आत्म्याला, पण बोलणाऱ्याला आहे! तो कबरीतून उठलाय, हातापायांच्या जखमा दाखवतोय, थोड्या वेळाने भाजलेला मासा मागून खातोय. आणि त्याच शरीराने स्वर्गात गेलाय. ते शरीर वाटेत कुठे उतरवून ठेवलं असं कुठलीही मुख्य मंडळी शिकवत नाही. ४५१ ची कॅल्सेडॉनची बिशपांची परिषद सांगते की तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन स्वभाव, सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. ती ताटातूट आजही नाही. म्हणजे 'देवाला शरीर आहे का' ह्याचं आपलं, मॉर्मनांचं नव्हे, आपलं उत्तर 'आहे' असं आहे. स्वभावाने नाही, पण घेतलंय आणि परत केलेलं नाही.

दर रविवारी मिस्साला (कॅथलिक उपासनेला) 'स्वर्गात चढला, पित्याच्या उजवीकडे बसला' हे म्हणणाऱ्या माझ्या ओळखीच्या चार लोकांना विचारलं, की येशूला आत्ता शरीर आहे का? तिघं म्हणाले, छे, तो आता आत्मा आहे. हे खरं पाखंड, आणि ते आपल्या बाकांवर बसलेलं आहे. कॅथलिकांना तर इथे पळवाटच नाही. १९५० मध्ये पोपने मारियामाताही देहासकट स्वर्गात घेतली गेली असं जाहीर केलं.

चर्चमधल्या पवित्र चित्रांवरचा वादही ह्याच मुद्द्यावर फिरला. आठव्या शतकात मूर्तिभंजक पुढे करायचे तेच अनुवाद ४. दमास्कसच्या योहान या धर्मपंडिताने उत्तर दिलं, की देहरहित देवाचं चित्र पूर्वी काढता येत नव्हतं हे कबूल, पण आता तो देहात दिसलाय, दिसला त्याचं काढतो. ७८७ च्या दुसऱ्या नायसिया परिषदेने तीच बाजू उचलून धरली. हा तर्क पित्याला मात्र लागू होत नाही, आणि रशियन मंडळीने तो धागा शेवटपर्यंत ओढला: १६६६-६७ च्या मॉस्को परिषदेने पित्याचं चित्र काढायलाच मनाई केली. आपल्या पश्चिमेकडच्यांनी काय केलं? मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर पांढऱ्या दाढीचा, भरदार दंडांचा आजोबा काढला, आणि तेव्हापासून सगळ्या जगाच्या डोळ्यांपुढे पिता म्हणजे तोच. सेरापियन आत्ता भेटला तर त्याला मी तो फोटो दाखवीन.

---

निर्गुणी

वाचतोय. बाहेरून बघणाऱ्याला हा आपला सगुण-निर्गुण वादच दिसतो. निराकार आहे आणि भक्तांसाठी विटेवर उभाही आहे, एवढं म्हणून टाकलं असतं तर परिषदा वाचल्या असत्या.

---

पापडीकर

निर्गुणी, जवळ आलात पण तिथेच फाटा फुटतो. कृष्णाने प्रभासला देह ठेवला, अवतार संपला, पुढे कल्की. इथे एकदाच घेतलंय आणि सोडायचं नाही अशी अट आहे. सगुण हे निर्गुणाकडे जायची पायरी असंही म्हणता येत नाही, कारण शेवटच्या दिवशी माणसांनाही शरीर परत मिळणार असंच आम्ही म्हणतो.

---

आडवाट (धागाकर्ता)

पापडीकर, तुमचा प्रतिसाद माझ्या धाग्यापेक्षा भारी आहे, पण पित्याचा प्रश्न तसाच राहतो.

'अडाणी संन्यासी विरुद्ध विद्वान' असं मीच चित्र रंगवलं, म्हणून एक विद्वानही पुढे करतो. टर्टुलियन, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक. 'ट्रिनिटी' ज्यावरून आला तो लॅटिन शब्द ईश्वराच्या त्रैक्यासाठी वापरात आणणारा. तोच प्रॅक्सिअस या विरोधकाविरुद्ध लिहिताना म्हणतो, देव आत्मा असला तरी तो शरीर आहे हे कोण नाकारील? हे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं. आणि पुढे मोठा धर्मपंडित झालेल्या ऑगस्टिनची साक्ष काढा: मिलानमध्ये तिथल्या बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकेपर्यंत त्याची समजूत होती की कॅथलिक लोक देवाला माणसाच्या आकाराचा मानतात. त्याची आई कॅथलिक होती! एवढा हुशार मुलगा त्या घरात वाढून ही समजूत घेऊन फिरतो, तर उत्तर आफ्रिकेतल्या साध्या मंडळ्यांत काय ऐकू येत असेल याचा अंदाज करा.

---

सावेडीकर

ऑगस्टिन तुमच्याच विरुद्ध जातो. त्याने ती समजूत मानिकी या ख्रिस्तीविरोधी पंथात असताना बाळगली होती, आणि कॅथलिक शिकवण तशी नाही हे कळल्यावर आपण इतकी वर्षं भलत्याच गोष्टीवर भुंकत होतो म्हणून तो लाजला.

टर्टुलियन स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांच्या वळणाने बोलतोय. त्यांच्या हिशेबी जे खरंच अस्तित्वात आहे ते सगळं कुठल्यातरी प्रकारचं शरीरच. आत्मा हे आपल्या जातीचं शरीर आहे, असं तो तिथेच पुढे म्हणतो. त्यात हात, पाय, दाढी काही नाही. सेरापियन आणि जोसेफ स्मिथ यांच्याशी त्याची जोडी लावू नका.

तुमचं ३९९ सुद्धा पुरं सांगा की. चवताळलेले संन्यासी अलेक्झांड्रियात आले तेव्हा हाच थिओफिलस त्यांना म्हणाला, तुम्हाला पाहिलं आणि देवाचं मुख पाहिल्यासारखं वाटलं. आणि लगेच बाजू फिरवून ज्यांच्या बाजूने पत्र लिहिलं होतं त्या, देवाला निराकार मानणाऱ्या ओरिजेन या जुन्या धर्मपंडिताच्या अनुयायांना हाकलून दिलं. ते कॉन्स्टँटिनोपलला तिथल्या बिशप जॉन क्रिसोस्तमच्या आसऱ्याला गेले, आणि ४०३ मध्ये थिओफिलसने क्रिसोस्तमलाच पदावरून उडवलं. ह्यातून बिशपांचं राजकारण कळतं. देवाला शरीर आहे का ते नाही कळत.

---

चष्मिष्ट

सगळ्यांनाच एक बाळबोध प्रश्न. येशूचं शरीर आहे म्हणता ना, मग आत्ता कुठे आहे? शरीर म्हटलं की जागा लागते.

---

पापडीकर

बाळबोध नाही हो, ह्याच प्रश्नावर प्रोटेस्टंट चळवळ दुभंगली. १५२९, जर्मनीतला मारबुर्गचा किल्ला. चळवळीचे दोन पुढारी, ल्यूथर आणि झ्विंग्ली, समोरासमोर. ल्यूथरने टेबलावर खडूने लिहिलं, 'हे माझे शरीर आहे', आणि त्यावरून हटेना. झ्विंग्ली म्हणाला, शरीर पित्याच्या उजवीकडे आहे, ते त्याच वेळी प्रभुभोजनाच्या भाकरीत असणार नाही. ल्यूथरचं उत्तर: देवाचा उजवा हात म्हणजे काही जागा नव्हे, तो सगळीकडे आहे. बाकी जवळपास सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालं, ह्या एकावर नाही. सावेडीकर तुमच्या मंडळीचं मत काय?

---

सावेडीकर

झ्विंग्लीच्या जवळचं. खरं शरीर आहे, स्वर्गात आहे, आणि आमच्याजवळ तो पवित्र आत्म्याने असतो. सगळीकडे पसरलेलं शरीर हे शरीर राहत नाही. पित्याबद्दल मी हेच म्हणत होतो.

---

वासॅच

गंमत अशी, की ह्या बाबतीत मॉर्मन शेजारी सावेडीकरांच्या पंक्तीला बसतील. धाग्याच्या सुरुवातीला दिलेलं १८४३ चं वाक्य तिथे संपत नाही. पुढे म्हटलंय की पवित्र आत्म्याला मात्र हाडामांसाचं शरीर नाही, तसं असतं तर त्याला आपल्यात वस्ती करता आली नसती.

---

आडवाट (धागाकर्ता)

हे मी वगळलं नव्हतं, फक्त पिता-पुत्रांपुरतं घेतलं होतं. पण सावेडीकर, मग तुमची शोमरोनी बाई त्यांनाही अडचणीची नाही. पिता एका जागी आणि आत्मा सर्वत्र. ह्यावर तुमचं काय?

---

सावेडीकर

आहे अडचणीची. तिथे 'देव आत्मा आहे' हे पित्याबद्दलच चाललंय. आधीच्या वचनात नावच घेतलंय: खरे उपासक पित्याची उपासना करतील. वाचून बघा, योहान ४:२३.