गणपतीचे उरलेले पैसे आणि पेठची शाळा

सेक्रेटरी काका (ए-१०१): नमस्कार मंडळी. वर्गणीतले ४२,००० शिल्लक आहेत. बी-४०४ च्या मॅडमच्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या शाळेला मोठा टीव्ही द्यावा असं ठरतंय. हरकत असेल तर इथेच सांगा, नंतर पार्किंगमध्ये कुजबुज नको.

सी-३०१ दादा: मस्त! एका रविवारी येऊन सगळ्या शिक्षकांना ट्रेनिंगही देतो. दोन तासांत होईल.

मॅडम (बी-४०४): काका, आभार आहेतच, पण स्पष्ट बोलू का? टीव्ही आहे आमच्याकडे. धूळ बसू नये म्हणून त्यावर चादर घातलीये.

बी-२०२ काकू: अगं बाई! मग वापरत का नाही?

मॅडम: एक तर पावसाळ्यात लाईट दिवसदिवस नसते. दुसरं, दादा रागावू नका, ट्रेनिंग. हॉलमध्ये साठ-सत्तर गुरुजी, पुढे एक लॅपटॉप, कुठलं बटण कुठे ते दाखवतात, मग जेवण, फोटो, प्रमाणपत्र. ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ तर मी स्वतः पोळ्या लाटताना चालू ठेवलेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण लिहिलंय. तास भरतात हो. पण सोमवारी अपूर्णांक घ्यायचाय, तर आधी टीव्ही लावू की भाकरीचे तुकडे करू, हे कोणी सांगत नाही.

सी-३०१ दादा: पण पुस्तकात क्यूआर कोड आहेत ना? सरकारच्या दीक्षा ॲपवर सगळं मिळतं.

मॅडम: मिळतं की. २०१७ पासून आहे ते. आमच्याकडे रेंज आंब्याखाली येते, म्हणून घरून डाउनलोड करून नेते.

ए-२०४ आजोबा: क्यूआर कोडवाले डिसले गुरुजी परितेवाडीच्या जि. प. शाळेतलेच. २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. तेव्हा गुरुजींना जमत नाही असं कोणी म्हणू नये.

बी-१०३: टँकर आला का??

सेक्रेटरी काका: पाच वाजता. विषय चालू आहे.

सी-३०१ दादा: मग मॅडम, कधी जमलं असं वाटलं?

मॅडम: एकदाच. गोदावरी नदीचा धडा होता. पोरं पाठ म्हणायची, ब्रह्मगिरी, गंगापूर धरण, रामकुंड. माझी भाची आली होती, तिने मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडला. म्हटलं, शाळेमागचा ओहोळ धरा आणि बोटाने खाली जा. बोट नाशिककडे येईचना! पश्चिमेला दमणगंगेला मिळालं, तिथून समुद्र. एक पोरगा म्हणाला, "बाई, मग आपलं पाणी रामकुंडात जातच नाही?" वीस वर्षं मी गोदावरीच शिकवत होते. भाचीने बटणं शिकवली नाहीत, माझ्या धड्यात येऊन बसली.

२००६ मध्ये मिश्रा आणि कोहलर या संशोधकांनी हेच मांडलंय, विषय, शिकवण्याची रीत आणि यंत्र वेगवेगळं शिकवून भागत नाही. वाचलं होतं मी, कळलं त्या दिवशी.

ए-२०४ आजोबा: क्या बात!

बी-२०२ काकू: मग टीव्हीऐवजी इन्व्हर्टर घ्या की.

सेक्रेटरी काका: दोन कोटेशन आणतो. कोणाच्या मेहुण्याचं दुकान चालणार नाही, आधीच सांगतो.

सी-३०१ दादा: मॅडम, ट्रेनिंग राहू द्या. वर्गात मागे बसलो तर चालेल?

मॅडम: शनिवारी या. सकाळची शाळा असते, सहाला निघू, सावळघाटात धुकं असतं. आधी मुख्याध्यापकांना विचारते.

सी-३०१ दादा: डबा आणू?

मॅडम: खिचडी असते. चार्जर आणा.