न्या. आलोमा मुख्तार यांची कारकीर्द कोणत्या निकालावरून समजून घ्यावी?

विधिवाचक (प्रश्न)
नायजेरियाच्या माजी सरन्यायाधीश न्या. आलोमा मरियम मुख्तार यांच्यावर मी मराठीत लेख लिहीत आहे. उत्तर नायजेरियातील पहिल्या महिला वकील, १९७७ मध्ये कानो राज्याच्या उच्च न्यायालयात, १९८७ मध्ये अपील न्यायालयात, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आणि जुलै २०१२ मध्ये सरन्यायाधीशपदी, असा त्यांचा प्रवास आहे आणि यातील प्रत्येक ठिकाणी त्या पहिल्याच महिला होत्या. परंतु अशा नोंदी एकापुढे एक मांडल्या की न्यायाधीश म्हणून त्या कशा होत्या, हे कळेनासे होते. त्यांची ओळख पटवणारा निकाल कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अपीलकर्ता
माझ्या मते डिसेंबर २००८ मधील अल्पमताचा निकाल. २००७ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उमारू याराद्वा विजयी घोषित झाले आणि पराभूत उमेदवार मुहम्मदू बुहारी यांनी त्या निकालाला न्यायालयात आव्हान दिले. मतपत्रिकांवर अनुक्रमांक असावेत, असे निवडणूक कायदा सांगत होता, पण प्रत्यक्ष मतदान अनुक्रमांक नसलेल्या मतपत्रिकांवर झाले होते. सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी निवडणूक वैध ठरवली, न्या. ओगुन्टाडे, न्या. ओनोघेन आणि न्या. मुख्तार या तिघांनी मात्र ती रद्द व्हायला हवी, असे मत नोंदवले.

याराद्वा यांच्यासोबत उपाध्यक्ष म्हणून निवडून आले होते गुडलक जोनाथन. तिघांचे मत बहुमताचे ठरले असते, तर जोनाथन यांचेही पद गेले असते. याराद्वा यांच्या निधनानंतर जोनाथन अध्यक्ष झाले आणि २०१२ मध्ये राष्ट्रीय न्यायिक परिषदेच्या शिफारशीवरून व सिनेटच्या संमतीने त्यांनीच न्या. मुख्तार यांना सरन्यायाधीश नेमले. ज्येष्ठतेची परंपरा तिथे किती बळकट आहे, हे यावरून कळते. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. आपल्या लेखाचा मोठा भाग त्याला द्यावा.

न्यायजिज्ञासू
वरील मताशी मी सहमत आहे, तरीही लेख केवळ गौरवपर होऊ नये, म्हणून नोव्हेंबर २०१२ मधील घटनाही घ्यावी. अपील न्यायालयाच्या नव्या न्यायमूर्तींच्या शपथविधीत न्या. मुख्तार यांनी न्या. इफेओमा जोम्बो-ओफो यांना शपथ देण्याचे नाकारले. त्या जन्माने अनाम्ब्रा राज्याच्या, विवाहाने अबिया राज्याच्या. त्यांची निवड अबियाच्या वाट्याच्या जागेवर झाली होती आणि तिला हरकत घेण्यात आली होती. विवाहित स्त्रीचे राज्य माहेरचे मानायचे की सासरचे, हा प्रश्न नायजेरियात नियुक्त्यांच्या राज्यवार वाटपामुळे वारंवार उभा राहतो. सिनेटने नाराजी व्यक्त केली आणि त्याच महिन्यात शपथ दिली गेली. देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीशांच्याच हातून एका महिला न्यायमूर्तीची अशी अडवणूक व्हावी, याचे मला अजूनही वाईट वाटते.

विधिवाचक
ही घटना मला ठाऊक नव्हती. आभारी आहे. सरन्यायाधीश म्हणून त्यांनी प्रशासनात काय केले?

अपीलकर्ता
शिस्तीची कारवाई. सरन्यायाधीश हेच न्यायिक परिषदेचे अध्यक्ष असतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये परिषदेने दोन न्यायाधीशांना सक्तीने निवृत्त करण्याची शिफारस केली; त्यांपैकी एकाने ओसुन राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणूक याचिकेची सुनावणी चालू असताना एका पक्षाच्या प्रमुख वकिलाशी वारंवार दूरध्वनी व संदेशांद्वारे संपर्क ठेवल्याचे आढळले होते.

वयाची सत्तर वर्षे पूर्ण होताच, २० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. मुख्तार निवृत्त झाल्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाची वयोमर्यादा ६५ आहे. वाचकांसाठी हा फरक नोंदवावा. त्यांच्यानंतर या पदावर पुन्हा महिला आल्या त्या २०२४ मध्ये, न्या. कुदिरत केकेरे-एकुन.