विषय: जूनमध्ये आलो तर परसात काय मिळेल?

मंडळींनो, नमस्कार.

लेकरांच्या शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतायत, त्यामुळे यंदाही तिकिटं त्यानंतरचीच बघतेय. आई-बाबा परभणीलाच असतात. घरामागं बऱ्यापैकी मोकळी जागा आहे. केसर आंब्याची दोन झाडं, एक लिंबू, एक शेवगा आणि थोडे वाफे. इथं मिशिगनला आमच्या मागच्या अंगणात जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो नि झुकिनी इतकी येते की शेजाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवावी लागते. आता आजोबांकडंही तशीच टोपली भरायची, असं दोघांनी ठरवून टाकलंय.

बाबांना आत्ताच सांगून टोमॅटो, ढोबळी मिरची वगैरे लावून घेऊ का? ठिबकचा संच ऑनलाइन मागवून द्यायचाही विचार आहे. तिकडं राहणाऱ्यांनी सांगावं.

– परभणीची लेक, मिशिगन

*

चि. परभणीच्या लेकीस, अनेक आशीर्वाद.

आधी तिकिटाचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर आहे. जूनच्या मधोमध आलीस तर टोपली रिकामी राहील. आपल्याकडं उन्हाळ्याचं जे काही यायचं ते मृग लागायच्या आत येऊन जातं. तू उतरशील तेव्हा केसर संपत आलेला असेल, वेल वाळून मांडवावरून ओढून काढलेले असतील आणि तुझे बाबा पावसाकडं डोळे लावून वाफे खणत असतील. तेव्हा मेचा शेवटचा आठवडा धर. शाळेला आधी सुट्टी मागावी लागेल, पण माग.

आता लावायचं काय. ढोबळी मिरची विसर. टोमॅटोचंही तेच, मार्च सरला की झाडाला फूल येतं आणि गळून जातं. पारा ४० च्या वर गेला नि रात्रीही भिंती गार होईनात की परागकण मरतात, मग फळ धरणार कुठून? बाबांना दोष देऊ नकोस, खत घालूनही ते होत नाही. भेंडी, गवार, चवळी, दोडका, काकडी ही आपली उन्हाळ्याची माणसं. फेब्रुवारी चालू आहे, आजच बी टोकलं तर एप्रिलपासून तोडणी लागेल आणि तू येशील तोवर गवार अजून देत असेल. भेंडी मात्र एक दिवसाआड तोडायला हवी. चार दिवस बोट लावलं नाही तर शेंग निबर होते आणि झाडाला वाटतं आपलं काम झालं, मग ते नवी फुलं कमी करतं. काकडी-दोडक्याला पाणी कधी भरपूर कधी काहीच नाही असं झालं की फळ कडू निघतं. रोज थोडं, पण रोज. पालेभाजीत तांदुळजा, चुका, अंबाडी. कोथिंबीर हवीच असेल तर शेवग्याच्या सावलीत, नाहीतर ती पानं सोडून थेट फुलावर जाते.

ठिबक दे, नाही असं नाही. पण नळ्या घेण्याआधी पाणी कुठून येणार ते बाबांना विचार. मराठवाडा केसर, जालन्याची मोसंबी आणि बीडचं सीताफळ या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१६-१७ मध्ये. आणि २०१६ च्याच उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर. असा भाग आहे आपला. इथं बाग नळावर जगत नाही, स्वयंपाकघराच्या मोरीवर जगते. भाजी धुतलेलं, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत धरायचं आणि संध्याकाळी आळ्यात ओतायचं. मात्र पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी आणि कूलरच्या टाकीत तळाला उरतं ते पाणी कुंड्यांना रोज घालू देऊ नकोस. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात या दोन्हींत क्षार आटून दाट झालेले असतात. पानांच्या कडा करपायला लागतात आणि आपण म्हणतो ऊन लागलं.

आळ्यावर गव्हाचा भुसा नाहीतर पाचट चांगलं चार बोटं जाड पसरायला सांग. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि भेग पडताना बारीक मुळ्याही तुटतात. आच्छादन असलं की ते टळतं. झाड मोठं असेल तर शेजारी एक भट्टीत भाजलेलं पण बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण. ते हळूहळू पाझरत राहतं. लिंबाला माझं हेच आहे.

फळांत मे महिन्याची हवा सगळ्यांना मानवत नाही. मोसंबीच्या आंबे बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलोऱ्याची, फळं तेव्हा हिरवी, लहान. सीताफळाला नुसती पालवी आणि फुलं. रामफळ रामनवमीच्या आसपास संपत येतं. मिळतो तो केसर, आणि लिंबू.

– माई, अंबाजोगाई

*

माई, नमस्कार.

टोमॅटोवर माझा थोडा आक्षेप. वसमतला आमच्या आईकडं बोराएवढे गावरान टोमॅटो एप्रिलमध्येही लागायचे. शेवग्याखाली, पश्चिमेकडून भिंतीचा आडोसा. मोठे संकरित टोमॅटो टिकत नाहीत हे खरं, पण हे बारके चिवट असतात. लेकरांना तोडायला तेच बरे, तोडला की तोंडात.

आणि सगळे केसर-केसर करतायत, गावरान आंब्याचं कुणी नावच घेत नाही! आमच्या बांधावर शेप्या होता, खोबऱ्या होता, एक शेंदऱ्या होता. शेप्याला खरंच शेपूचा वास यायचा, पाहुणे नाक मुरडायचे आणि आजोबा तोच मागून घ्यायचे. घोळून चोखायचा, कोय पांढरी होईस्तोवर. केसरचा रस पोळीबरोबर ठीक, पण त्याला ही गंमत नाही. गावरान उशिरा पिकतो, तेव्हा ताई जूनमध्ये आल्या तरी बांधावरचं एखादं झाड भेटेल. सिडनीत आमच्याकडं आंबा डिसेंबरात येतो, मग एकटाच बसून चोखतो.

एक विचारायचं होतं. झाडावरच पाड लागू द्यावा की आधी उतरवावा?

– आबा, सिडनी

*

आबा,

बारक्या टोमॅटोचं मान्य. पण मेमध्ये त्यांचाही निभाव लागेल असं मला वाटत नाही, एप्रिल फार तर. आडोशाचं मात्र बरोबर बोललात. फक्त पश्चिमेची ती भिंत सिमेंटची असेल तर ती दिवेलागणीनंतरही आग ओकते, तिच्याजवळ कुंडी ठेवू नये.

आंबा झाडावर पिकू दिला तर तो पोपटांचा, खारींचा आणि वानरांचा. दुसरं, मेमध्ये वळवाचं वारं एका संध्याकाळी अर्धं झाड रिकामं करतं. म्हणून पाड लागायची चाहूल घ्यायची आणि उतरवायचा. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर येतात आणि देठ मधल्या खळगीत बसतो. शंका असेल तर एक फळ बादलीत टाका. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो.

उतरवायचा झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीनं, सकाळच्या गारव्यात, देठ बोटभर ठेवून. देठ मुळातून तुटला की चीक उडतो. तो सालीवर लागला तर काळे डाग, हातावर लागला तर फोड. लेकरांना उघड्या हातानं देठ मोडू देऊ नका. फळं थोडा वेळ देठ खाली करून ठेवायची, चीक निथळतो. मग आढी. खोलीच्या गार कोपऱ्यात गव्हाचं काड, त्यावर आंब्याचा एक थर, परत काड. आठवडा-दहा दिवसांत घरभर वास सुटतो. रोज उघडून बघायचं आणि एखादा डागाळलेला असेल तर लगेच बाहेर काढायचा, तो शेजारच्यांना घेऊन बसतो. बाजारातल्या पुडीच्या वाटेला जाऊ नका, कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे.

वळवानं पाडलेल्या कैऱ्या फेकू नका. त्याच दिवशी तक्कू, पन्हं. टणक असतील त्या लोणच्याला. अडकित्त्यानं कोयीसकट फोडायच्या, आणि फोड पुसून कोरडी झाल्याशिवाय मिठाला लावायची नाही.

– माई

*

माई, आबा, मनापासून आभार.

तिकीट २४ मेचं काढलं. थोरल्याच्या शाळेतल्या बाईंनी राहिलेल्या दिवसांचा अभ्यास सोबत द्यायचं कबूल केलंय. बाबांशी बोलले. ठिबक नको म्हणाले, त्यापेक्षा मोरीचं पाणी थेट बागेत नेणारी एक नळी आणि मागच्या बाजूला हिरवी जाळी लावून दे म्हणाले. भेंडी-गवार कालच टोकली. केसरला मोहोर चांगला टिकलाय, कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यात, मात्र एका फांदीवर तुडतुडे दिसतायत म्हणून कृषी विद्यापीठात पान दाखवायला नेणार आहेत.

धाकटीला आंबे बॅगेत भरून आणायचेत. सामानातून आंबे अमेरिकेत येऊ देत नाहीत हे तिला कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. बियांचंही तसंच, कागदपत्रांशिवाय नाहीच.

तूर्त बाबांकडं शेवग्याला शेंगा लगडल्यात आणि घरात खाणारी माणसं दोन. ज्यांचं घर परभणीत आहे त्यांनी मला वेगळं लिहावं, घरच्यांना पाठवून शेंगा न्यायला सांगा. येताना पिशवी आणायला लावा, बाबा प्लास्टिकची देत नाहीत.

– परभणीची लेक