पुण्याहून पाहुणे येताय, पोरांना पिझ्झा पाहिजे आणि मला भरीत खाऊ घालायचंय, काय करू?

प्रश्न (जळगावकर):
चंपाषष्ठी झाली की मामेभाऊ सहकुटुंब येतोय, आमचे धरून अकरा जण. एक दिवस बाहेर जेवायचं ठरलंय अन् घरात दोन पार्ट्या पडल्यात. पोरं म्हणता हायवेवरच्या पिझ्झावाल्याकडे जाऊ, बायको म्हणते तिथे निदान एसी आणि बाथरूम तरी धड असतं. माझं म्हणणं, जे पुण्यात त्यांच्या सोसायटीखाली मिळतं तेच खायला रात्रभर ट्रॅव्हल्समधे हाडं खिळखिळी करून यायचं का? पण मागच्या वेळी माझ्याच हट्टाने एका लोकल फॅमिली रेस्टॉरंटमधे नेलं होतं, शेवभाजी अशी गोडमिट्ट की काय सांगू, शेव पण आतून टाकूनच आणली, टेबलावर येईपर्यंत लगदा. तेव्हापासून घरात माझ्या शब्दाला किंमत नाही. लोकल हॉटेल निवडता कसं तुम्ही लोक?

धुळ्याचा भाऊ:
चूक तुझीच आहे भो 😄 मेनूकार्ड आठ पानी, त्यात काजू करी पण, मंचुरियन पण, तर तिथून सरळ उठायचं. मालक लोकल असून काय उपयोग, जेवण तर कुठलंच नाही. मी जातो तिथे बोर्डसुद्धा धड दिसत नाही, मागे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा भारा पडलेला असतो, त्यावरच वांगी भाजता, मग बडगीत, म्हणजे लाकडी उखळात हिरवी मिरची लसूण टाकून ठेचता, वरून कांद्याची पात अन् शेंगदाण्याची फोडणी. मालकाची आई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी थापते. दुपारी दोननंतर गेलं तर संपलेलं असतं, मी दोनदा उपाशी परत आलोय तरी तिथेच जातो. अन् शेव वेगळी मागायची, हे पण शिकवायचं का आता?

यावल तालुका:
आमच्या शेतातली वांगी दोन-तीन हॉटेलवाले नेता. पांढरट हिरवं, मोठं, बी कमी, २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते हेच. पिझ्झावाल्याच्या किचनला ते कधी लागणार नाही, त्यांचं सॉस चीज सगळं बाहेरून ठरल्या मापाने येतं. त्यामुळे तुम्ही भरीत मागवलं की त्यातले चार पैसे आमच्याकडे येता, एवढं साधं आहे. फक्त खरं तेही सांगतो, माझी उधारी दीड महिना थकवणारा पण लोकल हॉटेलवालाच.

भुसावळ जंक्शन:
थोडं वेगळं बोलतो, राग नका मानू. माझा भाचा आधी गावातल्या हॉटेलात होता, दोन महिन्यांचा पगार अडकला. आता चेनमधे आहे, पीएफ कापतात, पगार वेळेवर. आणि बऱ्याच चेनचं दुकान फ्रँचायझीवर गावातल्याच कोणीतरी घेतलेलं असतं, रॉयल्टी वर जाते बाकी तो पण आपल्यातलाच. म्हणून लोकल म्हणजे चांगलंच असं मी धरत नाही. हात धुवायच्या निमित्ताने मोरी बघून यायची, भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर बघायचा. बिलात ५ टक्के जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर छापलाय का तेही बघ, नंबर नसेल तर टॅक्स द्यायचा नाही.

धुळ्याचा भाऊ:
मोरीचं बरोबर आहे. पीएफचं पण. तरी पिझ्झा खायला पाहुण्याला खान्देशात आणायचं नसतं, मी हटणार नाही.

जळगावकर:
अपडेट. रविवारी बायकोला घेऊन एका ठिकाणी आधीच जाऊन आलो. ती थेट मागे गेली, मोरी पाहिली, पाण्याचं पिंप उघडून पाहिलं, अन् मग तिथे भाकरी थापणाऱ्या आजींशी कळण्यात उडीद किती टाकता यावरून पंधरा मिनिटं गप्पा, मी बाहेर बाकावर. येताना अर्धा किलो भरीत पार्सल. मालक म्हणे अकरा जण असाल तर आदल्या दिवशी फोन करा, वांगी तेवढी सांगून ठेवावी लागता. लहान पोरांसाठी मिरची कमी करा म्हटलं तर हसला, म्हणे करतो, पण बडगी माझ्याकडे एकच आहे साहेब, तिचा तिखटपणा काही जात नाही. दही जास्त सांगितलंय. पिझ्झा रात्री, पोरांच्या मामाच्या खर्चाने.