डाव्या बाजूची मोटारसायकल आरशात का दिसत नाही?

पारोळ्याची मास्तरीण
नमस्कार. मी रोज पारोळ्याहून जळगावला कारने जाते. कपाशीच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करून परत डाव्या लेनमध्ये यायचं म्हटलं की धाकधूक होते. आतला आरसा मोकळा, डावा आरसा मोकळा, आणि मान वळवली की मागच्या दाराशी मोटारसायकल! शिकताना सांगितलं होतं की बाहेरच्या आरशात आपलं मागचं दार दिसलंच पाहिजे. तसंच ठेवलंय. काय बदलू?

सावदेकर चालक
ताई, दार दिसतंय तेवढी आरशाची जागा वायाच जाते. तिन्ही आरसे मागचा एकच पट्टा दाखवतात आणि बाजूची गाडी कशातच येत नाही.

आधी सीट, पाठ, बेल्ट नीट करा, मगच आरशांना हात लावा. आतल्या आरशात मागची पूर्ण काच बसवा. मग डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा बाहेर वळवत न्या, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका. डाव्यासाठी दोन्ही सीटच्या मधोमध झुका आणि तसंच करा. सरळ बसलात की आपली गाडी दिसणार नाही. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल, पण परत आत वळवू नका.

तपासायचं असेल तर सुरक्षित जागी गाडी उभी करून उजवीकडून जाणारा ट्रक बघा. आतल्या आरशातून सुटण्याआधी तो उजव्या आरशात आला पाहिजे, आणि तिथून जाण्याआधी डोळ्याच्या कडेला. डाव्या बाजूने घरच्या कुणाला तरी चालायला लावा.

जॉर्ज प्लॅटझर या अमेरिकन अभियंत्याने 1995 मध्ये आरशांच्या भूमितीवरच्या निबंधात हे मांडलं. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून त्यांचे व्हिडिओ बघताना डावं-उजवं उलटं करून घ्या. हे फार जण विसरतात.

आणि डावा आरसा फुगीर असतो, त्यात ट्रक लहान दिसतो. तो लांब आहे असं धरू नका, अंतर आतल्या सपाट आरशात बघा. लेन बदलताना मान वळवायची सवय मात्र अजिबात सोडू नका, तीच तुमची खरी राखण आहे.

धुळ्याचा भाचा
बराबर शे दादा. फक्त एक भर घालतो. लग्नसराईत मागची काच बॅगा-आहेरांनी झाकली की आतला आरसा निकामी होतो. मग बाहेरचे आरसे एवढे बाहेर ठेवून चालत नाही, थोडे आत घ्यावेच लागतात. बाजारपेठेतही मी डावा किंचित आत घेतो, कारण तिथे दुचाकी गाडीला अगदी घासून निघतात. रिव्हर्स घेताना चाकाकडचं दिसावं म्हणून खालीही झुकवतो.

पारोळ्याची मास्तरीण
मनापासून आभार, दोघांचेही. उद्या निघण्याआधीच लावते. हिवाळ्यात परतताना अंधार होतो, मागच्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांत येतात. त्यावर काही?

सावदेकर चालक
आतल्या आरशाच्या खाली छोटी कळ असते, ती ओढा. काच तिरकी होते आणि दिव्यांचा झगमगाट एकदम उतरतो. त्या स्थितीत मागचं सगळंच अंधुक दिसतं, म्हणून सकाळी निघताना कळ परत जागेवर आहे ना, तेवढं बघत जा.