खिडकीतला तांबट

दिवसभर मालिका बघून डोकं जड होतं, घरबसल्या दुसरं काय करावं, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, खिडकीशी खुर्ची टाका आणि पक्षी बघा.

पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर मी दीड महिना अडकून पडले होते. पहिला आठवडा नुसती चिडचिड. मग समोरच्या गुलमोहरातून येणारा 'टुक टुक टुक' आवाज कोणाचा, ते शोधायचं ठरवलं. दोन दिवस काही दिसेना. तिसऱ्या दिवशी सापडला. तांबट! चिमणीहून जरा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा, छातीवर लाल पट्टा. ओरडताना चोच बंदच, नुसता गळा फुगतो. तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबट कारागिराने भांडं ठोकावं तसा तो आवाज, म्हणून हे नाव. २०११ साली मुंबईचा पक्षी म्हणून त्याचीच निवड झाली होती.

पुढे नर-मादी दोघं आळीपाळीने वाळक्या फांदीला खालच्या बाजूने भोक पाडायला लागले. चोचीत भुसा धरून बाहेर टाकायचे. सासूबाईही चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसायला लागल्या.

दुर्बीण नसली तरी चालतं. वही मात्र ठेवा. वेळ, झाड, आवाज एवढं लिहिलं तरी पुरे. जवळपास वड, पिंपळ किंवा उंबर असेल तर फळं धरल्यावर तिथे नजर ठेवा, पक्ष्यांची रीघ लागते.

तुमच्या खिडकीतून कुठलं झाड दिसतं?