तात्या विंचूने तुमची झोप कधी उडवली होती? (महेश कोठारे आणि आपण: अनुभव धागा)

मीठभाकर
काल रात्री अकराच्या सुमारास लेकीची हाक आली. "आई, तो जोकर बाहेर ने ना." जोकर म्हणजे तिच्या बारशाला आलेला, कापडी, सात वर्षं कोपऱ्यात निमूट बसलेला. खोदून विचारलं तर शाळेच्या व्हॅनमधल्या कुणा दादाने मोबाईलवर तात्या विंचू दाखवला होता, वर "ओम फट् स्वाहा"ही शिकवलं होतं. हसत हसत जोकर उचलला आणि वॉशिंग मशीनवर ठेवून आले. दीडला पाणी प्यायला उठले तर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड नेमका त्याच्या तोंडावर. त्याचं तोंड भिंतीकडे केलं, वर टॉवेल टाकला, मग झोपले. वय वर्षं ४१.

आजोळी, सातारा जिल्ह्यात, गणपतीत गल्लीत आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढची बाजू मोठ्यांची, आम्ही पोरं मागच्या बाजूला. मागून सगळं उलटं दिसतं, नावं तर वाचताच येत नाहीत. 'झपाटलेला' १९९३ चा, आमच्या गल्लीत पुढच्या वर्षी आला. रीळ बदलायला मशीनवाला वेळ घ्यायचा, तेवढ्या अंधारात कुणीतरी माझ्या मानेवरून गवताची काडी फिरवली. मी ठोकलेली बोंब पडद्यापलीकडे बसलेल्या आज्जीने बरोब्बर ओळखली. पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर बघितला तेव्हा कळलं, तात्या विंचू डावखुरा नाहीये.

नवरा म्हणतो कोठारे म्हणजे एकच पिक्चर, बाकी सगळा आरडाओरडा. मला नाही पटत. बाटलीतला माणूस, बोलता बाहुला, मारुतीची शक्ती मिळालेला पोलिस, असलं सुचणारं आणि सुचलेलं पडद्यावर आणणारं मराठीत तेव्हा दुसरं होतं कोण? पण मग पुढे गाडी कुठे घसरली, तेही खरंच. लिहा आपापलं.

दुपारची_झोप
टॉवेल टाकला 😂😂 मी असते तर जोकर शेजाऱ्यांच्या दारात.

बाल्कनी_पाच_रुपये
माझे वडील तालुक्याच्या थेटरात ऑपरेटर होते, त्यामुळे कोठारेंचे सगळे सिनेमे मी मशीनच्या खोलीतल्या भोकातून बघितलेत. 'धडाकेबाज' (१९९०) मराठीतला पहिला सिनेमास्कोप. आता पोरांना यात काय विशेष ते कळायचं नाही. स्कोपच्या फिल्मवर चित्र आडवं दाबलेलं असतं, मशीनला वेगळी लेन्स लावली की ते पडद्यावर पसरतं. आमच्याकडे हिंदीमुळे लेन्स होती. पण यात्रेतल्या तंबूवाल्याकडे नव्हती! त्याने तसाच लावला. लक्ष्या अगरबत्तीएवढा बारीक, कवट्या महाकाळची कवटी म्हणजे दुधी भोपळा. लोकांनी तरीही 'ही दोस्ती तुटायची नाय'ला शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी तंबूवाला आमच्या दारात, "मामा, भिंग द्या की दोन दिस." वडिलांनी दिलं नाही. मालकाने काढून टाकलं असतं.

सांगायचा मुद्दा, मराठी पिक्चरला एवढी मोठी चौकट मागणारा माणूस होता तो. तेव्हा मराठी म्हणजे टॅक्स फ्री आणि चार भिंतींतलं घर.

साधीसरळ
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमच्या वर्गात एका मुलाची मुंज झाली आणि तो शाळेत आला त्याच सुमारास 'थरथराट'. बास. दहावीपर्यंत त्याला सगळे टकलू हैवान. केस उगवून पार भांग पाडायला लागला तरी टकलूच. आता चांगला डॉक्टर आहे, ग्रुपवर अजून तेच नाव.

शेवटची_रांग
विरोधी सूर लावतो, रागावू नका. 'धुमधडाका' (१९८५) हा 'प्यार किये जा'चा रिमेक, तोही मुळात तमिळवरून आलेला. 'झपाटलेला' सरळसरळ 'चाइल्ड्स प्ले'. 'माझा छकुला' म्हटलं की 'होम अलोन' आठवतो. यात स्वतःचं स्वप्न कुठलं? हुशार दुकानदार आहे, माल कुठून आणायचा ते बरोबर माहीत. शिवाय बऱ्याच सिनेमांत स्वतः इन्स्पेक्टर महेश व्हायचा सोस. एक धड नट घेतला असता तर काय बिघडलं असतं? सिनेमा तोलला लक्ष्मीकांत बेर्डेंनी. ते १६ डिसेंबर २००४ ला गेले आणि त्यानंतरचे चित्रपट आठवून बघा बरं. आठवतात?

दुपारची_झोप
डॅम इट!

गोदाकाठ
@शेवटची_रांग, बाहुल्याबद्दल थोडं भांडते. त्या इंग्रजी सिनेमात बाहुला दुकानातला, कारखान्यात बनलेला. आपल्याकडे तो शब्दभ्रमकाराच्या मांडीवरचा आहे, आणि हा बदल साधा नाही. रामदास पाध्यांचे बाहुले आपण दूरदर्शनवर बघत मोठे झालो, अर्धवटराव म्हणजे तर घरचाच माणूस, पाध्यांच्या वडिलांपासूनचा. बाहुला बोलतो याचं आपल्याला नवल नव्हतंच मुळी. भीती कधी? तर बोलवणारा शेजारी नसताना तो बोलतो तेव्हा. ही भीती मराठी घरातूनच येते. कल्पना उसनी असेल, पण विरजण घरचं.

आणि तो बाहुलाही पाध्यांनीच केलेला. लिज्जत पापडाचा कर्रम कुर्रम ससाही त्यांचाच.

साधीसरळ
काय सांगता, ससा पण??

वऱ्हाडी_ठेचा
अबे पण सगळ्यात मोठी गंमत सांगू का. तात्या विंचू म्हणजे दिलीप प्रभावळकर. अन् 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी बी तेच. माह्या पोराले हे सांगितलं त त्यानं मले खोटं ठरोलं. दोन्ही पिक्चर लावून दाखोले. आता २ ऑक्टोबरला टीव्हीवर गांधीजी दिसले का हा बेटा हळूच म्हणते "ओम फट् स्वाहा". त्याच्या शाळेत कार्यक्रम आहे, मले लय भेव लागून राह्यलं.

मीठभाकर
@वऱ्हाडी_ठेचा 🤣 त्या दिवशी सुट्टी घेऊन पोराला घरी बसवा.

@गोदाकाठ, विरजण घरचं! हे मला कालपासून सुचत नव्हतं बघा.

मस्कतकर
आम्ही तेव्हा मस्कतला. भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून एक व्हिडिओ कॅसेट यायची आणि मग ती मराठी घरांतून फिरायची. 'झपाटलेला'ची आमच्यापर्यंत आलेली प्रत म्हणजे कॉपीच्या कॉपीची कॉपी. रंग उडालेले, वरून मुंग्या. त्यामुळे बाहुला नीट दिसायचाच नाही, नुसते डोळे आणि आवाज. मला वाटतं म्हणूनच जास्त घाबरलो. पुढे मुंबईत स्वच्छ प्रत बघितली आणि त्याचं जॅकेट, केस सगळं लख्ख दिसलं, तर निम्मी भीती गेली.

मुळात आई कॅसेट मागवायची ती अशोक सराफसाठी. 'धुमधडाका'तला तो यदुनाथ जवळकर, धूर सोडत खोकत येतो, तो प्रसंग मागे-पुढे करून टेपच घासून टाकली तिने. बाबा शेवटी म्हणाले, अगं तुझ्या खोकल्याचं औषध आणलंय, ते तरी घे.

पंचगंगा
लई दिवसांनी असला विषय निघालाय. आमच्या थोरल्या काकींची एक बाहुली होती, झोपवली की डोळे मिटणारी. पिक्चर बघून आल्यावर आम्ही चुलत भावंडांनी ती दोरीनं बांधून धान्याच्या कणगीत टाकली. वर्षभर कुणाच्या ध्यानात न्हाई. पुढच्या साली शाळू काढताना काकींचा हात तिला लागला आणि बाहुलीनं डोळं उघडलं. काकी तिथंच खाली बसल्या. आम्हाला जो मार बसला त्यो कोठाऱ्यांच्या नावावर लिवा.

अर्धा_कप
मी २०१३ चा 'झपाटलेला २' थेटरात बघितलाय. मराठीतला पहिला थ्रीडी म्हणून भाच्यांना घेऊन मुद्दाम गेलो. चष्मे लावले, आतून मी आठ वर्षांचा होऊन बसलो. तात्या अंगावर आला तेव्हा भाचा काय म्हणाला असेल? "मामा, हा क्यूट आहे." माझा तिथेच मूड गेला. चूक पोराची नाही. पहिल्या भागात बाहुला फार काही करत नाही, करू शकतच नाही, म्हणून कॅमेरा त्याच्या पायांवर, सावलीवर, लक्ष्याच्या चेहऱ्यावर. निम्मं काम आपण करायचो. दुसऱ्या भागात तो सगळं करतो, मग आपल्याला काम काय उरलं?

शेवटची_रांग
@अर्धा_कप, म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. लक्ष्याचा चेहरा.

अर्धा_कप
नाही हो, कॅमेरा तिकडे वळवला कुणी?

शेवटची_रांग
बरं. अर्धा गुण देतो.

गोदाकाठ
एक तक्रार माझीही नोंदवा. आता पुन्हा बघताना नायिकांचं वाईट वाटतं. गाणं, किंकाळी, आणि शेवटी खुर्चीला बांधलेल्या. मधू कांबीकर, प्रेमा किरण यांना जिथे चार वाक्यं मिळाली तिथे त्यांनी सोनं केलं. 'पोलिसवाल्या सायकलवाल्या' आठवा, त्या गाण्यात सगळा जोर बाईचा आहे. मग कथेत का नाही?

साधीसरळ
+१. कुकर झाला, वरण उतू गेलं, ते आता तात्या विंचूने केलं असं सांगणार आहे घरी.

वऱ्हाडी_ठेचा
'पछाडलेला' कोणी काऊन नाही काढला? २००४ चा. थेटरात कसा गेला मले घेणंदेणं नाही, पण आमच्या गावात आजही कोण्या पोराचं लग्न जमत नसलं का चावडीवर एकच, "बाबा, लगीन!" विजय चव्हाण अन् तो पोरगा. माह्या चुलतभावाले चार वर्षं ऐकलं हे. शेवटी लग्न झालं त बँडवाल्यानं बी तेच वाजोलं. त्या रांगवाल्या भाऊले सांगा, आम्हाले त आठवते बा.

शेवटची_रांग
@वऱ्हाडी_ठेचा, हा मात्र पूर्ण गुण 🙏

पंचगंगा
भावा, पछाडलेलात लक्ष्या पण होता की. म्हणून तर बघताना कसंतरी होतंय.

रानजाई
फार लिहीत नाही इथे, पण माझ्या आजीची आठवण झाली. तिला यातला एकही सिनेमा माहीत नव्हता. तिला माहीत 'जय मल्हार'. २०१४ ला सुरू झाली तेव्हा ती ऐंशीच्या पुढे. आमचं कुलदैवत जेजुरी. संध्याकाळी भाकऱ्या करायची, टीव्ही स्वयंपाकघरातून दिसेल असा फिरवून ठेवलेला. खंडोबा दिसला की परातीतला हात थांबायचा, पिठाचेच हात जोडायची. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपायची. देव हवेतून येतो, तलवार चमकते, ते कॉम्प्युटरचं आहे म्हणून आम्ही हसायचो. ती म्हणाली होती, "तुमच्या कॅम्पुटरला तरी कोण बुद्धी देतंय?"

मालिका कोठारेंच्याच संस्थेची हे मला आजी गेल्यावर कळलं. तिच्यापुरतं काही घसरलंबिसरलं नव्हतं. मला अजून करपलेल्या भाकरीचा वास आला की ते शीर्षकगीत ऐकू येतं.

मीठभाकर
@रानजाई ❤️ माझ्या आज्जीचंही हेच, फक्त ती बानूच्या बाजूची होती आणि शेजारच्या काकू म्हाळसेच्या. दोन महिने बोलत नव्हत्या.

रानजाई
आमच्याकडे म्हाळसा 😄

मस्कतकर
'छोटा बच्चा जान के' पण कोठारेंच्याच हिंदी 'मासूम'मधलं (१९९६), 'छकुला'चं हिंदी. आमच्या इथल्या गॅदरिंगला हिंदी, मल्याळी, सगळ्यांची पोरं त्यावर नाचायची. हे मूळ मराठीतून गेलंय असं मी सांगितलं की कुणी मानायचं नाही. आणि हे गृहस्थ स्वतः बालकलाकार, 'राजा और रंक' (१९६८) मधला तो मुलगा. 'तू कितनी अच्छी है' ज्याच्यासाठी आहे तो. लहान मुलं कशाला घाबरतात नि कशाला हसतात हे त्यांना सेटवर उभं राहूनच कळलं असणार, असा माझा आपला तर्क.

साधीसरळ
थांबा, तो मुलगा म्हणजे महेश कोठारे???? आईला फोन करते.

दुपारची_झोप
@बाल्कनी_पाच_रुपये, तुमचं थेटर आहे का अजून? आमच्या इथलं पाडून मंगल कार्यालय झालं. माझं स्वतःचं लग्न तिथेच लागलं, साधारण स्टॉलच्या तिसऱ्या रांगेत.

बाल्कनी_पाच_रुपये
@दुपारची_झोप नाही. आधी खतांचं गोदाम, आता शटर बंद. शेवटी मालकाने पगाराच्या राहिलेल्या पैशांत वडिलांना सामान उचलून न्यायला सांगितलं. त्यांनी दोन रिकामी रिळं आणि ती स्कोपची लेन्स आणली. पितळेची आहे, चांगली वजनदार. वडील ती पेपरवर ठेवायचे, पंख्याने उडू नये म्हणून.

मीठभाकर
अहो मग फोटो टाका ना लेन्सचा!

बाल्कनी_पाच_रुपये
टाकतो. नातवाने दुर्बीण म्हणून गच्चीवर नेलीय, खाली आला की काढतो.